झेरार यांचा सकाळचा फेरा

झेरार,

तुमच्यावर पेपरात आलंय. अर्धं पान, फोटोसकट. फोटो डब्लिनच्या त्या समारंभातला आहे, जिथे तुम्ही टाय उसना घेऊन गेला होतात. आयर्लंडमध्ये नाव काढलेले फ्रेंच उद्योजक म्हणून तुम्हाला आणखी तिघांच्या पंगतीला बसवलंय. एक चीजवाला, एक औषधांचा, एक कॉम्प्युटरचा, आणि मधे तुम्ही. तुम्हाला 'दूरदर्शी' म्हटलंय. चष्मा नसला तर ताटातला वाटाणा दिसत नसे तुम्हाला, हे त्या वार्ताहराला कोण सांगणार. कंपनी कशी काढली, माल कुठे कुठे जातो, बक्षिसं कुठली मिळाली, सगळं आहे. सकाळच्या फेऱ्याबद्दल एक ओळ नाही. म्हणून मी लिहायला बसले.

मराठीत लिहितेय. तुम्हाला वाचता येणार नाही, ते एका अर्थी बरंच आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्ही मजकूर बाजूला ठेवून आधी माझी वाक्यं छोटी केली असतीत. शिवाय मराठीत मला तुम्हाला अहो-जाहो करता येतं. इतकी वर्षं वर्कशॉपमध्ये सगळ्यांसारखी मीही तुम्हाला नुसत्या नावाने हाक मारली आणि दर वेळी मनातल्या मनात पुढे एक 'अहो' लावला. इथल्या, क्लेअर परगण्यातल्या, लोकांना तसला संकोच नव्हता. त्यांनी झेरारचा जेरार्ड केला आणि जेरार्डचा जेर. इथे प्रत्येक गावात चार जेर असतात, त्यातलाच एक तुम्ही. तुम्हाला ते आवडायचं. डब्लिनच्या त्या समारंभात व्यासपीठावरून तुमचं पूर्ण नाव पुकारलं तेव्हा तुम्ही उठलाच नाहीत. मला कोपराने ढोसावं लागलं.

तर मुद्द्यावर येते. माझ्याकडे एक उत्तर राहिलं होतं. 'माझ्यानंतर हे सगळं तू चालवशील का?' असं तुम्ही मे महिन्यात विचारलंत आणि मी 'बघू' म्हटलं. तोच प्रश्न तुमच्या मुलीने, सोफीने, तुमचं सगळं उरकल्यावर गेल्या बुधवारी विचारला. तिने मात्र सोमवारपर्यंतची मुदत घातली, कारण विकत घेणारे थांबलेले आहेत. आज सोमवार. संध्याकाळ झालीये. काय झालं ते सांगते, पण माझ्या क्रमाने सांगते. मधे बोलायचं नाही.

मी तुमच्याकडे लागले तेव्हा पुण्याहून आले होते. चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीत होते, गाड्यांचे भाग तपासायचे. मंदारला, माझ्या नवऱ्याला, इथल्या हॉस्पिटलात डॉक्टरची नोकरी मिळाली म्हणून आम्ही आलो आणि मी घरी बसून कंटाळले. शॅननच्या औद्योगिक वसाहतीत विमानातल्या खुर्च्या दुरुस्त करणारा एक फ्रेंच माणूस आहे, एवढं कळलं होतं. फाटलेली कव्हरं, न मिटणारे ट्रे, एकदा मागे गेली की पुढे न येणारी पाठ, असलं सगळं तुमच्याकडे यायचं. 'जगातली निम्मी चिडचिड आपल्या दारातून आत येते,' असं तुम्ही मुलाखतीत म्हणालात आणि मला हसू आलं. तुम्ही मात्र अजिबात हसला नव्हतात.

पहिल्या दिवशी आठला मी टेबलाशी पोचले तर तुम्ही हात पुढे करून समोर उभे. माझ्या एका हातात कॉफी, दुसऱ्यात डबा. मी मान हलवून गुड मॉर्निंग म्हटलं. आमच्याकडे तेवढं पुरतं. तुम्ही हलला नाहीत. मी डबा खाली ठेवेपर्यंत हात तसाच पुढे. मग मिळवलात आणि म्हणालात, 'हं, आता तुझा दिवस सुरू झाला.' मग शिवणकामाच्या बायका, मग मेटलवाले, मग तपासणी, मग पॅकिंग. एकूण एक माणूस. मेटलमध्ये डेक्लन तेव्हा नवीनच लागला होता. त्याचे हात ग्रीसने माखलेले, म्हणून त्याने ते मागे घेतले. तर तुम्ही त्याचं मनगट धरलंत, वैद्यबुवा नाडी बघतात तसं. हात खराब असेल तर मनगट पुढे करायचं, पण भेट चुकवायची नाही, ही तुमच्या देशातली रीत. तुम्ही पुढे गेल्यावर डेक्लन माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, 'युअर मॅन इज अ बिट मॅड, इज ही?' म्हणजे हा बाबा जरा सटकलाय का. मी म्हटलं, मीही आजच आलेय.

त्याच आठवड्यात मी चूक केली. वाटलं, साहेबांना हे आवडतं, आपणही करावं. जेवण झाल्यावर तुम्ही कॉरिडॉरमध्ये भेटलात आणि मी आपला हौसेने हात पुढे केला. तुम्ही दोन्ही हात पाठीमागे नेलेत. 'आपलं आज झालंय,' म्हणालात. मी इतकी ओशाळले. मग तुम्ही समजावून सांगितलंत. भेटीचा हात दिवसाला एकदाच. निघताना मिळवला तर चालतो, तो निरोपाचा. पण भेटीचा दुसऱ्यांदा पुढे केला, तर त्याचा अर्थ होतो, सकाळी तू भेटलीस हे माझ्या लक्षातच नाही, लक्षात राहण्यासारखी तू नाहीसच. 'फ्रान्समध्ये याच्यावरून लोक वर्षभर बोलत नाहीत,' म्हणालात. तुमची ती अतिशयोक्ती असेल असं मला वाटलं होतं. नंतर सोफीला विचारलं तर ती म्हणाली, 'वर्ष कमीच आहे.'

हे सगळं कुठून आलं ते तुम्ही बोटीवर सांगितलंत. मंदारची बदली ट्रलीला झाली, आठवड्याचे दिवस त्याने तिथेच राहायचं ठरलं, तेव्हा त्याच्या खोलीचं सामान तुम्ही कंपनीच्या व्हॅनमधून स्वतः चालवत नेलंत. मी नको नको म्हणत होते. टार्बर्टच्या फेरीबोटीवर गाडीतून उतरून आपण कठड्याशी उभे होतो, आणि वारा असा की बोललेलं अर्धं उडून जात होतं. तुमचे वडील मोटारींच्या कारखान्यात होते. मालक वर्षातून एकदा, जानेवारीत, नवीन वर्षाच्या शुभेच्छा द्यायला यायचा. रांगेत उभं करून प्रत्येकाशी हात मिळवायचा आणि हातमोजा काढायचा नाही. वडील घरी आल्यावर त्या दिवशी जेवायचे नाहीत, एवढंच तुम्ही सांगितलंत. तेवढ्यात किनारा आला.

तुमच्या देशातल्या बड्या उद्योगपतींच्या मुलाखती तुम्ही चवीने वाचायचात. पिशव्या, अत्तरं, मोटारी, टायर. वाचून झालं की मासिक माझ्या टेबलावर टाकायचात. 'या माणसाची पिशवी लोक जन्मभर जपतात. आपल्या खुर्चीतून उतरताना कोणी वळूनसुद्धा बघत नाही. मेधा, आपलं काम जास्त अवघड आहे.' तुम्ही त्यांचा मत्सर करत नव्हतात. एकदा फक्त विचारलंत, 'यांच्याकडे सकाळी फेरा कोण मारत असेल?' मी म्हटलं, कोणीच नाही, म्हणून तर ते तिथे पोचले. तुम्ही दिवसभर माझ्याशी तुटक वागलात.

आपलं भांडण याच्यावरूनच. प्लॅनिंग माझ्याकडे आलं तेव्हा मी तक्त्यावर रोजचा तो अर्धा तास लाल रंगाने दाखवला. तुम्ही पुसलात, मी परत काढला. मी म्हणायचे, माणसांची चौकशी करायला सुपरवायझर आहेत, सिस्टीम आहे. तुम्ही आठवडाभर तुलूझला जाता तेव्हा फेरा होत नाही, कारखाना चालतोच ना? एका माणसावर अवलंबून असलेली गोष्ट ही पद्धत नव्हेच, ती सवय. तुम्ही म्हणायचात, 'सिस्टीमला हात नसतो.' मी म्हणायचे, सिस्टीम आजारी पडत नाही. हे मी बरेचदा म्हणालेय, आणि आता म्हणवणार नाही.

मधेच तुम्ही माझ्याविरुद्ध पुणं वापरायला लागलात. पुण्यात दुपारी दुकानं बंद असतात, हे मीच बोलून बसले होते. तुम्हाला स्वर्ग सापडला. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासावर आणू म्हटलं की तुम्ही सगळ्यांसमोर विचारायचात, 'तुझ्या गावचे व्यापारी मूर्ख आहेत का?' आता याला मी काय उत्तर देणार. नाही म्हटलं तर तुम्ही जिंकलात, हो म्हटलं तर पुण्याला परत जायची सोय नाही.

फेऱ्याचा उपयोग होत होता, हे मी नाकारत नाही. एकदा तुम्ही शिवणकामातून परत येऊन म्हणालात, 'ओर्लाला आज कटिंगवर बसवू नकोस.' का विचारलं तर म्हणालात, 'माहीत नाही. हात गार होता.' दुपारी कळलं, तिचे वडील आदल्या दिवशी पडले होते आणि ती रात्रभर त्यांच्याजवळ होती. मी म्हटलं, योगायोग. तुम्ही म्हणालात, 'असेल.' मी उलट विचारलं, पेंटमधला तो पोलिश मुलगा महिनोन्महिने दुसरी नोकरी शोधत होता, रोज तुमच्याशी हात मिळवत होता, तेव्हा कसं कळलं नाही? तुम्ही शांतपणे म्हणालात, 'कळलं होतं. त्याला जायचं होतं. मी काय हात धरून ठेवू?' त्या दिवशी मी हरले. अजूनही मला तुमचं सगळं पटलेलं नाही, हेही नोंदवून ठेवते.

साथीच्या काळात हात बंद झाले तेव्हा तुमची जी अवस्था झाली ती बघवत नव्हती. तुम्ही मला नमस्कार शिकवायला सांगितलंत. मी शिकवला, आणि दुसऱ्या दिवशी पस्तावले. शिवणकामाच्या बायका मशीनमागून डोळे मिटून, अगदी योगाच्या वर्गात बसल्यासारख्या तुम्हाला नमस्कार करायला लागल्या. डेक्लन तर वाकलाच. मी हात जोडून सांगितलं, हे थांबवा. मग तुम्ही प्रत्येकाच्या समोर दोन हात अंतरावर नुसते उभे राहायचात, नाव घ्यायचात, आणि पुढे जायचात. तेवढ्यानेही चालत होतं, हे तेव्हा माझ्या नीट लक्षात आलं नव्हतं.

मग तो फेब्रुवारी.

त्या सकाळी तुम्ही नेहमीसारखे माझ्या टेबलाशी आलात, हात मिळवलात, कुठली तरी ऑर्डर उशिरा येणार असल्याचं सांगितलंत आणि पुढे गेलात. चहाच्या वेळी मी कॉरिडॉरमध्ये डेक्लनशी बोलत उभी होते. तुम्ही समोरून आलात. तोच चेहरा, तेच हसणं. हात पुढे केलात. 'बाँजूर, मेधा.'

मी हात दिला. दुसरं काय करणार होते? तुमचा हात कोरडा, उबदार, नेहमीचाच होता. मग तुम्ही डेक्लनपुढे केलात. त्याने ग्रीसच्या हाताचं मनगट पुढे केलं, सकाळी केलं होतं तसंच. तुम्ही ते धरलंत, सोडलंत आणि ऑफिसात गेलात. डेक्लनने माझ्याकडे बघितलं. त्याने ट्रॉली ढकलली आणि तो गेला.

संध्याकाळी मंदारला ट्रलीला फोन केला. तो म्हणाला, 'सत्तरीला आलेला माणूस आहे, विसरला असेल, त्यात काय.' मी म्हटलं, 'बाकी काहीही विसरेल, मंदार. हे नाही विसरणार.' मग त्याचा डॉक्टरचा आवाज लागला. डोकं दुखतं का? शब्द अडतात का? तेव्हा माझ्या ध्यानात आलं की महिनाभर तुम्ही ट्रेला 'ते मिटणारं' म्हणत होतात, आणि आम्ही सगळे ते तुमच्या इंग्रजीच्या माथी मारत होतो. मंदार म्हणाला, 'घरच्यांना सांग. उद्या नको, आज सांग.' मी फ्रान्सला, लिआँला, सोफीला फोन लावला. आठवडा संपायच्या आत ती आली, तपासण्या झाल्या, आणि मेंदूतली ती गाठ सापडली.

तुम्ही मला आत बोलावलंत आणि दार लावलंत. 'तू आधी माझ्याकडे यायला हवं होतंस.'

'तुम्ही म्हणाला असतात, झोप झाली नाही.'

'तो माझा प्रश्न होता.'

'इथल्या सगळ्यांचा होता.'

'माझ्या मुलीला माझ्याआधी कळलं, मेधा.' हे तुम्ही इतक्या हळू म्हणालात की मला पुढचं भांडता आलं नाही. त्यानंतर कितीतरी दिवस तुम्ही माझ्याशी कामापुरतं बोललात. पण फेरा चालू होता, आणि माझ्या टेबलाशी आलात की हात द्यायचात. तोंड फिरवून, पण द्यायचात. रुसलात, तरी मला वगळलं नाहीत. या भांडणाचा निकाल लागला नाही. उद्या परत तसं झालं तर मी परत सोफीलाच फोन करेन. तुम्ही माझ्या जागी असतात तर तुम्हीही तेच केलं असतंत, आणि कबूल कधी केलं नसतंत.

मे महिन्यात तुमच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. तुम्ही कप काढायला उठलात आणि म्हणालात, 'कप प्रेसमध्ये आहेत.' कपाटाला इथल्या लोकांसारखं प्रेस म्हणणारा फ्रेंच माणूस. मला वाटलं, हा आता कुठे परत जाणार नाही. मग तुम्ही पाठमोरे असतानाच तो प्रश्न विचारलात. मी म्हटलं, 'बघू.' तो शब्द तुम्हाला माझ्या आणि आईच्या फोनवरून पाठ होता. 'तू आईला बघू म्हणतेस आणि ती लगेच फोन ठेवते. म्हणजे नाही.'

'नाही म्हणजे नाही. बघू म्हणजे बघू.'

मग मी माझी कारणं सांगितली. मी दोन नंबरची उत्तम आहे, एक नंबरची मला सवय नाही. आम्हाला कधीतरी पुण्याला जायचंय, आई एकटी आहे, सिंहगड रोडचा फ्लॅट कुलूप लावून पडलाय. आणि तिसरं, मला फेरा जमणार नाही. आमच्याकडे कोणी कोणाला उठसूट हात लावत नाही. मोठ्यांना वाकून नमस्कार, तेवढाच स्पर्श. तुम्ही पहिल्या दोन कारणांना हात घातला नाहीत. तिसऱ्यावर म्हणालात, 'मग हात नको देऊस. दुसरं काही कर. पण रोज एकदा प्रत्येकाच्या समोर जाऊन उभी राहा.' आणि मग, कप पुसत, 'नाहीतर सोफी विकेल. घेणारे चांगले लोक आहेत. मेटल इथे ठेवतील, शिवणकाम दुसऱ्या देशात नेतील. त्यांनी लपवलेलं नाही.' माझ्या डोळ्यांसमोर ओर्ला आली. मी चहा प्यायले आणि घरी आले.

लिमरिकच्या हॉस्पिसमध्ये शेवटी शेवटी तुमच्याकडे थोडेच शब्द उरले होते. नर्सने कसं वाटतंय विचारलं की इथल्यासारखं 'ग्रँड', म्हणजे छान, म्हणायचात, सोफीला तिचं लहानपणचं नाव. मी गेले की हात मिळवायचात, आणि तो एकदाच. आजाराने सगळं नेलं, हे मात्र परत आणून दिलं होतं. शेवटच्या खेपेला मी निघताना तुम्ही हात पुढे केलात. निरोपाचा चालतो, तुमच्याच नियमात बसतो. मी ओळखलं आणि घेतला. तुम्ही तो सोडेनात. माझ्याकडे बघत म्हणालात, 'बघू?' इतके थोडे शब्द उरले होते आणि त्यातला एक तुम्ही माझ्यासाठी ठेवला होतात. मी तुमचा हात चादरीवर ठेवला आणि निघाले. खाली गाडीत बसून मी पोटभर रडले, मग आरसा पुसून गाडी काढली.

इथे माणूस गेला की घरचे शवपेटीशेजारी ओळीने उभे राहतात आणि गावच्या गाव येऊन प्रत्येकाशी हात मिळवून जातं. 'सॉरी फॉर युअर ट्रबल,' एवढंच म्हणायचं. मी रांगेत मागे उभी होते. सोफीने येऊन माझी बाही ओढली. 'माझ्याबरोबर उभी राहा.' मी म्हटलं, मी घरची नाही. ती म्हणाली, 'मला यांची नावं येत नाहीत.' हे कारण मला पटलं. मी तिच्याशेजारी उभी राहिले आणि कानात नावं सांगत गेले. ही ओर्ला, शिवणकामातली. ही तिची बहीण. हे जुने पॅकिंगवाले, आता रिटायर झालेत. प्रत्येकाने आधी तिच्याशी आणि मग माझ्याशी हात मिळवला. झेरार, मला सगळ्यांचे हात ओळखता यायला लागले. कोणाचे खरखरीत, कोणाची बोटं सुईने टोचलेली.

डेक्लन सूट घालून आला होता. हात साबणाने घासून घासून लाल केलेले. सोफीशी त्याने नीट हात मिळवला. मग माझ्यासमोर आला आणि सवयीने मनगट पुढे केलं. त्याच्या लक्षात आलं तेव्हा त्याला ते मागेही घेता येईना. त्याचा चेहरा पार वाकडा झाला. मी ते मनगट धरलं. बराच वेळ धरलं, मागची रांग थांबली तरी.

बुधवारी सोफीने विचारलं. शनिवारी आईला फोन केला आणि सगळं सांगितलं. मला वाटलं, ती म्हणेल, ये परत. ती म्हणाली, 'अगं, मग घे ना हातात. नाहीतरी सगळं तूच करतेस आणि वर माझ्याजवळ कुरकुर करतेस. पुण्याला येणार येणार हे मी ऐकतेच आहे. मीच येते उन्हाळ्यात.' मंदार म्हणाला, आपण दर वर्षी परत जायचं ठरवतो आणि दर वर्षी अंगणात नवीन झाड लावतो. लेकीला, रेवाला, मराठीत विचारलं, तिने नेहमीप्रमाणे इंग्रजीत उत्तर दिलं: 'शुअर यू आर डुइंग इट ऑलरेडी, मॅम.' इथली मुलं आईला मॅमच म्हणतात. घरात एकालाही धक्का बसला नाही, हे मला जरा लागलंच.

तरी आज सकाळपर्यंत माझं ठरलेलं नव्हतं. हे खरं सांगतेय. पार्किंगमध्ये सोफी भेटली, हात मिळवला, तिने काही विचारलं नाही. आत गेले. आठ वाजले होते आणि एकही मशीन सुरू नव्हतं. कोणी गप्पा मारत नव्हतं, कोणी रडतही नव्हतं. शिवणकामाच्या बायका हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. मेटलवाले यंत्रापाशी उभे. ठरवून केलेलं नव्हतं ते. तुम्ही आजारी असताना सगळे फेऱ्याविनाही कामाला लागायचे, पण आज निकालाचा सोमवार, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. आठ वाजता फेरा व्हायचा आणि तो झाला नव्हता, म्हणून दिवस सुरू करायचा कसा, हे कोणालाच कळत नव्हतं. माझ्या एका हातात कॉफी होती, दुसऱ्यात डबा. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी डबा खाली ठेवला.

ओर्लापासून सुरुवात केली, तुमच्याच क्रमाने. हात दिला. मला वाटलं होतं अवघडेल, पण अवघडलं नाही. काहींच्या समोर नुसती उभी राहिले, नाव घेतलं, त्यांनी मान हलवली. माझ्यामागे एकेक मशीन सुरू होत गेलं. तपासणीत एक मुलगी शुक्रवारीच लागलेली होती, तिला हे काय चाललंय ते कळेना. तिने शेजारणीला काहीतरी विचारलं आणि दोघी हसल्या. डेक्लनचे हात स्वच्छ होते, कामच सुरू झालं नव्हतं. त्याने हात दिला आणि म्हणाला, 'यू टुक युअर टाइम.' मी म्हटलं, उद्यापासून वेळेवर.

पॅकिंगच्या दाराशी सोफी उभी होती. फेऱ्यातली शेवटची. मी तिच्यासमोर गेले आणि हात पुढे केला.

तिचा चेहरा पांढरा पडला. माझ्या फेब्रुवारीच्या त्या फोनपासून तिला दुसऱ्या हाताची धास्ती बसली आहे. 'मेधा,' ती हळूच म्हणाली, 'आपण सकाळी भेटलोय.'

'माहीत आहे. विसरले नाही. हा तुझ्या प्रश्नाचा आहे.'

तिला कळायला थोडा वेळ लागला. मग तिने माझा हात दोन्ही हातांनी धरला. आपल्या वर्कशॉपमध्ये एका सकाळी एकाच माणसाशी दोनदा, तुमचा नियम मोडून. अर्धा तास उशीर झाला. तक्त्यावर मी तो दाखवलेला नाही.

मे महिन्यात तुम्हाला 'बघू' म्हणाले होते, झेरार. बघितलं. हो.